गाडीचा एसी दुरुस्त करून आणला, तरी त्रास संपेना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसीच्या कामासाठी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत दोन प्रकार असतात. काहींचा एसी पहिल्यांदाच बिघडलेला असतो. बाकीच्या गाड्यांचे मालक दारातूनच सांगतात, "अहो, आत्ताच तर काम केलं होतं." हे प्रश्न या दुसऱ्या प्रकारच्या लोकांचे आहेत. उत्तरं लिहिताना मी एकच गोष्ट धरून चाललोय : दुरुस्तीनंतर त्रास सुरू झाला, तर आधी ज्याला हात लागला तिथेच बघायचं. नवीन गॅस भरण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

काल काम करून आणलं आणि आज हवा गरम येतेय. घरच्या घरी आधी काय बघू?

बॉनेट उघडण्याआधी आतली बटणं बघा. हसू नका. बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलेलं राहिलंय, तापमानाचा नॉब मध्येच अडकलाय, असल्या कारणांनी परत आलेल्या गाड्या मी मोजायच्या सोडून दिल्यात.

मग इंजिन चालू ठेवून एसी लावा आणि बॉनेट उघडा. कॉम्प्रेसरला (गॅस दाबणाऱ्या पंपाला) क्लच, म्हणजे त्याला पट्ट्याच्या चाकीशी जोडणारा-सोडवणारा भाग, असेल तर 'टक्' असा आवाज येऊन पुढची चकती फिरायला लागते. कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागे गॅस थंड करणाऱ्या भागाचा) पंखा सुरू होतोय का ते पाहा. हात, ओढणी, मोकळे केस पट्ट्यापासून लांब ठेवा. इंजिन बंद केल्यावर आजूबाजूचे कनेक्टर नजरेखालून घाला. प्रेशर स्विचचा (गॅसचा दाब बघणाऱ्या स्विचचा) कनेक्टर लावायचा राहणं, ही काम संपवण्याच्या घाईतली नेहमीची चूक आहे. सर्व्हिस व्हॉल्व्हवर (गॅस भरायच्या-काढायच्या तोंडांवर) प्लास्टिकच्या टोप्या आहेत का हेही बघा. टोपी धूळ अडवते आणि गॅस सुटण्याविरुद्ध ती दुसरी सीलही असते. आतली सुईसारखी पिन किंचित गळत असेल, तर टोपीविना गॅस हळूहळू निघून जातो.

"गॅस संपला असेल, भरून घ्या" असं सांगतात. गॅस असा संपतो का?

नाही. गॅस पेट्रोलसारखा जळत नाही आणि ब्रेकपॅडसारखा झिजत नाही. तोच गॅस बंद नळ्यांमधून गोल फिरतो. कूलिंग कॉइलमध्ये उकळून आतल्या हवेची उष्णता घेतो आणि कंडेन्सरमध्ये परत द्रव होऊन ती बाहेर टाकतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, हे खरं. पण दोन महिन्यांपूर्वी भरलेला गॅस आज कमी झाला असेल, तर कुठेतरी लीकेज आहे. ते न शोधता पुन्हा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

गेज (दाब मोजणारं यंत्र) लावून "गॅस आहे की" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. इंजिन बंद असताना ३० अंश तापमानाला आर-१३४ए गॅसच्या गाडीत दोन्ही काटे साधारण ९५ ते १०० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) येऊन थांबतात. आत पूर्ण ५०० ग्रॅम गॅस असो किंवा थोडासाच द्रव उरलेला असो, काटा जवळपास तेवढंच दाखवतो, कारण तो दाब तापमानावर ठरतो. गॅस किती आहे हे कळायला एकच खात्रीचा मार्ग आहे : मशीनने पूर्ण काढायचा, वजन करायचं आणि बॉनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडायचं.

आणखी एक गोष्ट. हा गॅस हवेत सोडून द्यायचा नसतो. तापमानवाढीच्या हिशेबात आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण १,४०० पट जड आहे. नळी सैल करून 'फुस्' करणारा मेकॅनिक दिसला की मी तरी गाडी उचलून दुसरीकडे नेली असती.

व्हॅक्यूम करून बघितला, काटा पडला नाही. म्हणजे लीकेज नाही ना?

तेवढ्यावर तसं म्हणता येत नाही. व्हॅक्यूम म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून घेणं. पूर्ण व्हॅक्यूममध्ये आतबाहेरचा फरक फार तर एका वातावरणाचा, म्हणजे १४.७ पीएसआयचा असतो. प्रत्यक्ष चालताना हाय साइडला (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या बाजूला) २०० पीएसआयच्या आसपास दाब असतो. शिवाय व्हॅक्यूममध्ये ओ-रिंग आत ओढली जाऊन तात्पुरती घट्ट बसते आणि दाब आला की तीच गळायला लागते.

लीकेज पक्कं पकडायचं तर कोरडा नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतात, नाहीतर इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवतात, नाहीतर डाय (चमकणारा रंग) घालून काही दिवस गाडी चालवून मग अंधारात यूव्ही टॉर्च मारतात. जिथून गळतंय तिथे पोपटी-हिरवा डाग चमकतो. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या पोटात असते, ती अशी दिसत नाही. तिथे ब्लोअर (आत हवा फेकणारा पंखा) थोडा वेळ बंद ठेवून व्हेंटपाशी किंवा पाणी जाण्याच्या नळीपाशी डिटेक्टर धरावा लागतो.

मग व्हॅक्यूम करतात तरी कशाला?

हवा काढायला आणि त्याहून जास्त ओल काढायला. दाब पुरेसा उतरला की पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन पंपाने बाहेर जातं. याला वेळ लागतो. पाच मिनिटांत हवा निघते, ओल निघत नाही. नळ्या उघडल्या असतील तर किमान अर्धा तास पंप चालायला हवा, आणि ड्रायर नवा टाकायला हवा. ड्रायरच्या आतले दाणे ओल शोषतात. एकदा पोटभर ओल प्यायले की ते पुढे काही कामाचे राहत नाहीत.

थंड होतंय की नाही हे अंदाजाने सांगता येत नाही. मोजायचं कसं?

स्वयंपाकघरातला किंवा कसलाही काडीचा थर्मामीटर मधल्या व्हेंटमध्ये खोचा. गाडी सावलीत, काचा बंद, आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, नॉब पूर्ण थंडवर, ब्लोअर मध्यम. इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरा आणि दहा मिनिटं थांबा. बाहेर ३० अंश असताना व्हेंटला साधारण ६ ते १० अंश आले तर तक्रार करू नये. बाहेर ४० असेल तर १२ ते १५ सुद्धा चालतं. उन्हात तापलेल्या गाडीत बसून दोन मिनिटांत "कूलिंग नाही" म्हणणं हा एसीवर अन्याय आहे. आधी काचा उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्या.

चालत्या गाडीत गार, सिग्नलला थांबलं की गरम.

संशय कंडेन्सरवरच्या हवेवर. गाडी धावते तेव्हा वारा आपोआप मिळतो, थांबली की सगळा भार पंख्यावर येतो. दुरुस्तीनंतर हा त्रास नव्याने सुरू झाला असेल तर तीन गोष्टी बघा. पंख्याचा कनेक्टर लागलाय का. पंख्याची मोटर बदलली असेल तर वायर उलट्या जोडल्या गेल्यामुळे तो उलटा तर फिरत नाही ना. आणि बंपर काढला असेल तर कंडेन्सरच्या कडेचे फोमचे, रबराचे तुकडे परत बसवलेत का. ते नसले की इंजिनकडची गरम हवा फिरून पुन्हा कंडेन्सरमध्येच येते. पुढच्या जाळीसमोर कागदाचा तुकडा धरा. पंखा चालू असताना तो ओढला जाऊन चिकटायला हवा.

पंखा ठीक असेल तर कॉम्प्रेसर कमजोर असण्याची किंवा गॅस जास्त-कमी असण्याची शक्यता उरते. ते गेजशिवाय कळणार नाही.

सुरुवातीला मस्त गार, मग वीस मिनिटांनी गरम. थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा गार. हे काय गौडबंगाल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण दोन अगदी वेगळे आजार इथे सारख्याच चेहऱ्याने येतात. वेगळं करायला व्हेंटसमोर हात धरला तरी पुरतं.

हवेचा झोत तेवढाच आहे, पण हवा गरम झाली, तर आत ओल राहिल्याचा संशय घ्या. एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या (कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक भोकापाशी तापमान शून्याखाली जाऊ शकतं. तिथे पाण्याचा थेंब गोठतो आणि रस्ता बंद होतो. लो साइडचा (कमी दाबाच्या बाजूचा) काटा खाली खाली जात व्हॅक्यूमकडे झुकतो. एसी बंद केला की बर्फ वितळतो आणि सगळं पुन्हा सुरळीत. हे दुरुस्तीनंतर सुरू झालं असेल तर व्हॅक्यूम घाईत उरकला किंवा ड्रायर जुनाच ठेवला, असं समजायला हरकत नाही. उपाय : गॅस काढा, ड्रायर बदला, व्यवस्थित व्हॅक्यूम करा, वजन करून भरा.

झोतच कमी कमी होत गेला, ब्लोअर ओरडतोय पण हवा येत नाही, तर कॉइलवरच बर्फ साचलाय. इथे ओल गॅसमधली नाही, हवेतली आहे. कॉइलचं तापमान बघणारा सेन्सर जागेवर खोचला गेला नाही, किंवा केबिन फिल्टर धुळीने गच्च भरलाय, किंवा गॅस थोडा कमी आहे. डॅशबोर्ड उघडण्याचं काम झालं असेल तर सेन्सरच आधी बघा. तो कॉइलच्या पाकळ्यांमध्ये ठरावीक जागी घुसवलेला असतो. बाहेर लोंबत राहिला की कॉम्प्रेसर कधी थांबवायचा हे गाडीला कळतच नाही.

डाव्या बाजूला गार, उजव्या बाजूला कोमट.

डॅशबोर्डमध्ये गरम-गार हवा मिसळणारी झडप असते आणि तिला छोटी मोटर असते. बॅटरी काढून लावली की काही गाड्यांत या मोटरींना आपली दोन टोकं पुन्हा शोधावी लागतात. काही गाड्या ते आपोआप करतात, काहींना स्कॅनर लावावा लागतो. मात्र एक खोच आहे : दोन्ही बाजूंना वेगळं तापमान ठेवता येणाऱ्या गाडीत गॅस कमी झाला, तरी असंच होतं. कॉइलचा अर्धाच भाग गार पडतो. म्हणून मोटरीवर खर्च करण्याआधी गॅसचं वजन तपासून घ्या. नाहीतर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नवा कॉम्प्रेसर टाकला आणि थोड्याच दिवसांत तोही गेला. माल खराब होता का?

क्वचित असतो. बहुतेक वेळा जुन्या कॉम्प्रेसरने नव्याला मारलेलं असतं. कॉम्प्रेसर आतून खरडत खरडत मरतो तेव्हा धातूचा चुरा तेलात मिसळून सगळ्या नळ्यांत पसरतो. कंडेन्सरची नळी सोडवून आत बोट फिरवलं तर करडी, चमकणारी चिकट पेस्ट बोटाला लागते. दोन बोटांत चोळली की बारीक वाळूसारखी लागते. ती एकदा हाताने बघितली की पुढे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

आताच्या कंडेन्सरमध्ये चपट्या नळ्यांच्या आत अतिशय बारीक समांतर वाटा असतात. फ्लशिंगचं औषध सोपा रस्ता धरतं, म्हणजे मोकळ्या वाटांतून जातं, आणि तुंबलेल्या तशाच राहतात. म्हणून चुरा दिसला तर माझं मत स्पष्ट आहे : कंडेन्सर, ड्रायर आणि एक्सपान्शन व्हॉल्व्ह, तिन्ही नवे. नळ्या तेवढ्या धुऊन चालतील. खर्च ऐकून लोक कंडेन्सर वगळायला सांगतात. तो वगळायचा असेल तर मी कॉम्प्रेसरही बसवत नाही.

नवा बसवल्यावर इंजिन चालू करण्याआधी त्याचा पुढचा भाग हाताने आठ-दहा वेळा फिरवायचा असतो. आत द्रव साचला असेल तर तो हळू निघून जातो. हा एका मिनिटाचा सोपस्कार आहे आणि तोच गाळला जातो.

तेलाचं इतकं काय असतं? थोडं जास्त घातलं तर बरंच ना?

बरं नाही. तेल कमी पडलं तर कॉम्प्रेसर जातो, जास्त झालं तर कॉइलच्या आतून थर बसून कूलिंग घटतं. पुष्कळ छोट्या गाड्यांत एकूण तेल १०० ते २०० मिलिलिटरच्या दरम्यान असतं, त्यामुळे 'थोडं' हे थोडं नसतं. काही नवे कॉम्प्रेसर पूर्ण सिस्टिमचं तेल भरूनच येतात. जुन्या नळ्यांत उरलेलं तेल धरलं नाही तर ते दुप्पट होत जातं. तेलाची जातही महत्त्वाची : पीएजी हा एसीच्या तेलाचा प्रकार, त्यातल्या पीएजी ४६ आणि पीएजी १०० यांच्यात जाडीचा फरक आहे, आणि डब्याचं झाकण उघडं ठेवलं तर पीएजी तेल हवेतली ओल भराभर ओढून घेतं.

गॅस जास्त भरला गेला हे कसं ओळखायचं?

कूलिंग कमी, हाय साइडचा दाब नेहमीपेक्षा चढा, कॉम्प्रेसर लागतो आणि लगेच सुटतो, इंजिनला ओझं जाणवतं. लोकांना वाटतं जास्त गॅस म्हणजे जास्त गार. उलट कंडेन्सरमध्ये द्रवच भरून राहतो आणि वाफेचा द्रव व्हायला जागा उरत नाही. ज्या गाडीत एकूण ४५० ग्रॅम बसतो, तिथे काट्यावर बघून भरताना ९० ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्के. आत हवा राहिली तरी दाब असाच चढा दिसतो, फक्त तेव्हा काटा थरथरतो. दोन्हींवर इलाज एकच : काढा आणि मापून भरा.

क्लच लागतच नाही.

फ्यूज, रिले, प्रेशर स्विचचा कनेक्टर, या क्रमाने. गॅस फार कमी असेल तर गाडी मुद्दामच क्लच लागू देत नाही, कारण गॅसबरोबर फिरणारं तेलच कॉम्प्रेसरला वंगण देतं. त्या स्विचला वायरचा तुकडा जोडून क्लच जबरदस्तीने चालवणारे महाभाग असतात. तसं करू देऊ नका. पुष्कळ नव्या गाड्यांत क्लचच नसतो, पुढची चाकी कायम फिरत असते. तिथे 'टक्' आवाजाची वाट बघण्यात अर्थ नाही.

काम झाल्यापासून पायाखालचं कार्पेट ओलं होतंय.

कॉइलवर जमलेलं पाणी एका रबरी नळीने गाडीखाली जातं. डॅशबोर्ड बसवताना ती नळी मुडपली किंवा निसटली की पाणी आत उतरतं. एकदा ही चूक माझ्याच हातून झाली होती. गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी आलं, मी कार्पेट दाबलं आणि बोटांच्या खाचांतून पाणी वर आलं. मोजून पाच मिनिटांचं काम होतं, पण खालचा फोम सुकायला चार दिवस सीट काढून ठेवावी लागली. ओलं कार्पेट तसंच वापरू नका, खाली वायरिंग असतं.

पाणी गोडसर वासाचं, चिकट असेल आणि काचेवर तेलकट धुकं येत असेल, तर ते एसीचं पाणी नाही. ते हीटरमधून गळणारं कूलंट आहे, आणि ते लगेच दाखवायला हवं.

आंबूस वास येतो. गॅसचा असेल का?

गॅसला जवळपास वास नसतो. आंबूस वास ओल्या कॉइलवरच्या बुरशीचा. केबिन फिल्टर बदला, कॉइल स्वच्छ करून घ्या, आणि उतरायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवा.

एसी बंद केल्यावर 'सुस्स' आवाज येतो, व्हेंटमधून पांढरी वाफ येते, गाडीखाली पाणी टपकतं.

तिन्ही ठीक. आवाज दोन्ही बाजूंचे दाब सारखे होण्याचा, वाफ म्हणजे दमट हवेतलं धुकं, आणि पाणी खाली पडतंय म्हणजे ती नळी नीट बसलीये.

बाजारातून गॅसचा डबा आणून मीच टॉप-अप केला तर?

किती आहे हे माहीत नसताना किती घालायचा हे कसं ठरवणार? त्यातही लीकेज बंद करणारं औषध मिसळलेला डबा तर नकोच. ते औषध हवा आणि ओल लागली की घट्ट होतं. आत ओल असेल तर एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्येही घट्ट होतं, आणि वर्कशॉपच्या मशीनमध्येही. पुढच्या मेकॅनिकला आधीच सांगून टाका, नाहीतर त्याचं मशीन निकामी होईल.

आर-१३४एच्या जागी दुसरा गॅस चालतो का?

स्टिकरवर असेल तोच. नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ वेगळ्या मापाच्या व्हॉल्व्हने येतो, ते मुद्दाम चुकीचं गेज लागू नये म्हणून. कुणी अडॅप्टर काढला तर थांबवा. स्वयंपाकाच्या गॅससारखे ज्वलनशील गॅस भरणारेही सापडतात. त्यांनी गार होतं, हे नाकारत नाही. पण ती कॉइल तुमच्या गुडघ्यांसमोर, तुम्ही ज्या बंद डब्यात बसता त्याच्या आत आहे.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर?

नारिंगी केबलला हात लावायचा नाही, ही पहिली गोष्ट. तिथला कॉम्प्रेसर विजेवर चालतो आणि तेल त्याच्या मोटरीभोवतीच फिरतं. म्हणून वीज न वाहणारं, कंपनीने सांगितलेलंच तेल लागतं. आधीच्या गाडीचं पीएजी तेल मशीनच्या नळीत उरलेलं असेल, तर तेवढ्यानेही गाडी इन्सुलेशनची चूक दाखवून अडून बसू शकते. शिवाय काही गाड्यांत हाच गॅस बॅटरीही गार ठेवतो, त्यामुळे दुखणं अंगावर काढू नका.

परत वर्कशॉपला नेताना काय विचारू?

भांडण नको, आकडे मागा. गॅस किती ग्रॅम निघाला आणि किती भरला? व्हॅक्यूम किती वेळ होता? ड्रायर बदलला का? तेल कोणतं आणि किती? लीकेज सापडलं असेल तर नेमकं कुठे? चांगल्या मशीनमधून याची पावतीच निघते. तुमच्याकडूनही नेमकं सांगा : थांबल्यावर की चालताना, किती मिनिटांनी, झोत कमी होतो की हवा गरम होते. "कूलिंग बरोबर नाही" एवढंच ऐकून मी तरी काय करणार?

दुरुस्ती पक्की झाली असं कधी समजायचं?

बारीक लीकेज पहिल्या आठवड्यात दिसत नाही. काम झाल्याच्या दिवशी वर सांगितल्याप्रमाणे व्हेंटचं आणि बाहेरचं तापमान मोजून सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. महिन्याने बाहेर तेवढंच ऊन असताना, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा. तीन-चार अंशांनी वर गेलं असेल तर वॉरंटी संपायच्या आत गाडी घेऊन जा, सोबत ते पानही न्या.